हळद औषध म्हणून घ्यायची तर: चिमूट, चमचा की कॅप्सूल?

मात्राप्रमाण (धागाकर्ता)

हळद चांगली की नाही यावर इथे आधीच चार धागे आहेत, ते उकरायला नकोत. इथे फक्त मात्रेबद्दल बोलू. ‘मी रोज हळद घेतो’ म्हणणारी तीन माणसं तीन वेगळ्याच गोष्टी घेत असतात. एकाची आमटीतली चिमूट, दुसऱ्याचं रात्रीचं दूध, तिसऱ्याची औषधाच्या दुकानातली पाचशे मिलिग्रॅमची गोळी. या तिन्हींचे फायदे एका दमात सांगितले जातात आणि तोटेही.

आधी हिशोब. चहाचा सपाट चमचा म्हणजे साधारण ३ ग्रॅम हळद. बाजारातल्या चांगल्या हळदीत कुरकुमिन, म्हणजे हळदीचं पिवळं रंगद्रव्य, ज्याच्यावर बहुतेक प्रयोग होतात ते, ३ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे चमच्यात ९० मिलिग्रॅम. चार माणसांच्या भाजीत पाव चमचा पडते, तेव्हा माणशी जेमतेम ५-६ मिलिग्रॅम. आता ‘५०० मिग्रॅ, ९५ टक्के’ असं लिहिलेली गोळी घ्या: तिच्यात ४७५ मिलिग्रॅम. एवढं हळदीतून मिळवायचं तर पाच चमचे सपाट भरून, एका बैठकीत. आपल्या कुठल्याच आजीने कुणाला पाच चमचे हळद खाऊ घातलेली नाही. म्हणून ‘हजारो वर्षं खातोय, काही होत नाही’ हे गोळीबद्दल म्हणता येत नाही. आणि गोळीवरच्या प्रयोगाचा निकाल दुधाच्या कपाला चिकटवता येत नाही.

प्रयोग झालेत, आणि काही बरे आहेत. २०१४ मध्ये थायलंडमध्ये गुडघेदुखीच्या ३६७ रुग्णांवर हळदीचा अर्क रोज १५०० मिलिग्रॅम विरुद्ध आयब्युप्रोफेन हे वेदनाशामक १२०० मिलिग्रॅम, चार आठवडे, अशी तुलना झाली. वेदना दोन्हींकडे सारख्याच उतरल्या, पोटाचा त्रास हळदवाल्यांना कमी झाला. तिथेच २०२३ मध्ये अपचनाच्या, म्हणजे जेवल्यावर पोट जड, जळजळ, एंडोस्कोपीत काही नाही, अशा रुग्णांवर रोज २ ग्रॅम कुरकुमिन आणि ओमेप्राझोल (पोटातलं ॲसिड कमी करणारं औषध) यांचा सामना लावला. तोही बरोबरीत सुटला. जपानमध्ये २००६ साली मोठ्या आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिसमध्ये नेहमीच्या औषधांच्या जोडीला २ ग्रॅम कुरकुमिन दिलं, तेव्हा आजार उलटण्याचं प्रमाण घटलं. ‘जोडीला’ हा शब्द मुद्दाम लक्षात ठेवा.

या तिन्हींत एक गोष्ट सारखी: मात्रा गोळीची, मुदत ठरलेली, डॉक्टर समोर. ‘रोज, कायमची, स्वतःच्या मनाने’ असा प्रयोग कुणी केलेला नाही.

घरगुती वापरावर जाणकारांनी लिहावं. सहाणताई, तुमची वाट बघतोय.

सहाण

आले. घरगुतीचं लिहिते.

दूध. बहुतेक घरांत ते चुकीचं होतं. गरम दुधात वरून चमचाभर हळद टाकली की ती गुठळ्या होऊन तरंगते, कच्चट लागते आणि निम्मी कपाच्या तळाशी राहते. आधी अर्धा कप पाणी, त्यात पाव चमचा हळद आणि दोन मिरी ठेचून, मंद आचेवर पाच-सहा मिनिटं, पाणी निम्मं होईपर्यंत. कच्चा वास जाऊन भाजलेल्या मातीसारखा खमंग वास यायला लागला की दीड कप दूध आणि एक उकळी. उतरवल्यावर अर्धा चमचा तूप. गूळ हवा असेल तर दूध जरा निवल्यावरच, नाहीतर फाटेल. आलं घालणार असाल तर तेही आधी त्याच पाण्यात उकळा. कच्च्या आल्याचा रस कोमट दुधात पडला की दूध दह्यासारखं थबकतं. आल्यातलं एन्झाइम ते करतं, उकळल्यावर ते मरतं.

कफ भरलेला, छाती घरघरतेय, अशा खोकल्यात दूध नको. पाव चमचा हळद पाण्यात उकळून, कोमट झाल्यावर मध. मध वर्षाच्या आतल्या बाळाला अजिबात नाही.

गुळण्या. पेलाभर कोमट पाणी, अर्धा चमचा मीठ, पाव चमचा हळद. दिवसातून तीन वेळा, मान मागे टाकून दहा-पंधरा सेकंद घशात घोळवायचं. खरं काम मीठच जास्त करतं, हळद मदतीला. बेसिन लगेच धुवा, पांढऱ्या बेसिनवर पिवळे ओघळ बसले की घरातलं वातावरण बिघडतं.

लेप. मुका मार, मुरगळ, सूज यांवर जेवणातली हळद नको, आंबेहळद. पुण्यात रविवार पेठेतल्या काष्ठौषधींच्या दुकानात गड्डा मागा, पूड नको. गड्डा मोडला की कैरीचा वास येतो आणि आतला रंग फिकट पिवळा असतो. भडक नारिंगी निघाला तर ती साधी हळदच. पुडीत हे काहीच कळत नाही. सहाणेवर पाण्याचे थेंब घेत गड्डा उगाळायचा, गंधाहून दाट. त्यात चिमूटभर तुरटीची पूड, पळीत कोमट करायचं आणि केसांच्या उलट्या दिशेने लावायचं, म्हणजे लेप त्वचेला भिडतो. वाळून ओढ बसायला लागली की कोमट पाण्याने काढायचा. रात्रभर ठेवायचा नाही. रात्री लेप लावू नये असं ग्रंथांतही आहे. वाळलेला लेप त्वचा ओढतो, खाज आणतो, गुण देत नाही.

मुरगळल्यावर पहिले दोन दिवस मात्र गरम लेप नको, बर्फ फडक्यात गुंडाळून. आणि पाय टेकवतच नसेल किंवा हाड वाकडं दिसत असेल तर सहाण बाजूला ठेवून एक्स-रे.

औंधकर

मिरीने हळद वीसपट लागू पडते असं सगळीकडे वाचतो. सहाणताईंच्या दोन मिऱ्यांनी वीसपट होतं का?

मात्राप्रमाण

नाही होत. तो आकडा कुठून आला ते सांगतो, म्हणजे त्याची मर्यादाही कळेल.

१९९८ साली बंगळूरच्या संशोधकांनी निरोगी माणसांना २ ग्रॅम शुद्ध कुरकुमिन दिलं. रक्तात ते जवळजवळ सापडलंच नाही. मग त्याच मात्रेबरोबर २० मिलिग्रॅम पिपेरिन, म्हणजे मिऱ्यातला तिखट घटक, दिलं, तेव्हा शरीरात पोचणारं प्रमाण २००० टक्के वाढलं. आकडा खरा आहे. पण ‘जवळजवळ काही नाही’ याच्या वीसपट म्हणजे अजूनही थोडंच.

आता २० मिलिग्रॅम पिपेरिन म्हणजे किती मिरी? काळ्या मिऱ्यात पिपेरिन ५ टक्क्यांच्या पुढेमागे. एक दाणा ४०-५० मिलिग्रॅमचा, म्हणजे दाण्यात दोन-अडीच मिलिग्रॅम. आठ-दहा दाणे चावावे लागतील. दोन दाण्यांनी थोडा फरक पडत असेल, चवही चांगली लागते, घाला. ‘वीसपट’ म्हणू नका एवढंच.

आणि पिपेरिन हे काम कसं करतं तेही बघा. यकृत आणि आतडी बाहेरची रसायनं बांधून बाहेर काढतात, त्या यंत्रणेला पिपेरिन आडवं येतं. त्याला फक्त कुरकुमिनच दिसतं असं थोडंच आहे? फिटची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रॅनोलॉल, दम्याची थिओफिलिन, यांची रक्तातली पातळी पिपेरिनने वाढल्याचं नोंदलेलं आहे. जेवणातल्या मिऱ्याला घाबरायचं कारण नाही. पण गोळीच्या डबीवर ‘पिपेरिनयुक्त’ असेल आणि घरात यांतलं काही चालू असेल, तर ती डबी डॉक्टरांना दाखवल्याशिवाय उघडू नये.

परीक्षानळी

हळदीचा रंगद्रव्य म्हणून अभ्यास केलेल्यांना हे सगळं ओळखीचं वाटेल. थोडी भर.

कुरकुमिन पाण्यात विरघळत नाही म्हटलं तरी चालेल. तेलात-तुपात विरघळतं. म्हणून फोडणीत हळद घालणं ही निव्वळ चवीची गोष्ट नाही. तेल तापलं, मोहरी तडतडली, आच कमी केली, मग हळद, दोन-तीन सेकंद, लगेच भाजी किंवा पाणी. तेल धुरावलेलं असताना घातली तर क्षणात काळपट होते आणि आमटी कडू. हा रोजचा अपघात आहे. कुकरमध्ये दाबाखाली शिजताना कुरकुमिनचा बराच भाग जातो, त्यामुळे वरणाला हळद कुकरमध्ये घातली तरी थोडी फोडणीत पुन्हा घालायला हरकत नाही.

अल्कलीत ते लाल होतं आणि भराभर मोडतं. हळदीला चुन्याच्या निवळीचा संस्कार करून कुंकू होतं ते याच गुणावर. म्हणून हळद-चुन्याचा लाल लेप ‘जास्त जहाल म्हणून जास्त गुणकारी’ हा समज फसवा आहे. त्यात चुना त्वचा भाजतो आणि कुरकुमिन मोडत चाललेलं असतं.

तिसरा शत्रू ऊन. शर्टावर पडलेला हळदीचा डाग साबणाने लाल होतो आणि उन्हात वाळत घातला की संध्याकाळपर्यंत फिका पडतो, हे सगळ्यांनी बघितलंय. स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवलेल्या काचेच्या बरणीतल्या हळदीचंही तेच होत असतं, फक्त हळू.

आता ‘प्रयोगशाळेत हळदीने कॅन्सरच्या पेशी मारल्या’ याबद्दल. कुरकुमिन हा परीक्षानळीतला नाठाळ विद्यार्थी आहे. ते स्वतः चमकतं, ज्या चाचण्या चमक मोजतात त्यांना फसवतं. प्रथिनांना जिथे तिथे चिकटतं. द्रावणात स्वतःच मोडतं आणि तुकडे वेगळंच काही करतात. म्हणून ते जवळजवळ प्रत्येक चाचणीत ‘परिणामकारक’ निघतं. २०१७ मध्ये औषध-रसायनशास्त्रज्ञांनी याचा मोठा आढावा घेतला आणि हाच इशारा दिला. ताटलीतल्या पेशी व्हिनेगरनेही मरतात. कॅन्सरचे उपचार चालू असताना कुरकुमिनच्या गोळ्या आपल्या मनाने सुरू करणं तर सरळ धोक्याचं, केमोच्या औषधांत ती ढवळाढवळ करू शकतात.

सहाण

कॅन्सरबद्दल सहमत. पण आयुर्वेदाने हळद कुरकुमिनसाठी वापरली नाही, पूर्ण हळद वापरली, हेही लक्षात घ्या. तेल, स्टार्च, तंतू, सगळ्यासकट. म्हणून वैद्य ग्रॅममध्ये बोलतात आणि तुम्ही मिलिग्रॅममध्ये, आणि मधल्या मध्ये रुग्ण गोंधळतो.

दोन कल्प, म्हणजे तयार औषधं, सांगते, जे लोक सर्रास स्वतः करून घेतात.

निशा-आमलकी. निशा म्हणजे हळद. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार वाग्भट याने प्रमेहावरचं (मधुमेह त्यातच मोडतो) अग्रगण्य द्रव्य म्हणून आवळा आणि हळद यांची जोडीच सांगितली आहे: ‘मेहेषु धात्रीनिशे’. दोन्हींची पूड समभाग, एकूण ३ ग्रॅम, सकाळी कोमट पाण्याबरोबर. हे साखरेच्या गोळ्यांना पर्याय नाही. गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असताना घेतलं तर पहिले पंधरा दिवस घरच्या ग्लुकोमीटरवर लक्ष ठेवा, कारण साखर खाली उतरू शकते. घाम, थरथर, एकदम भूक, ही खूण. तीन महिन्यांनी एचबीए१सी (साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारी रक्तचाचणी) करा, गुण आहे की नाही तिथे दिसेल. ‘बरं वाटतंय’ यावर मधुमेहात विश्वास ठेवू नये.

हरिद्राखंड. अंगावर पित्त उठतं, गांधी येतात, त्यावर. कपाटातून काढून चमचा चमचा खाणारे बरेच आहेत. त्याचा मूळ पाठ वाचा: हळद ८ पल (पल हे जुनं वजन), तूप ६ पल आणि खडीसाखर ५० पल, शिवाय दूध. हळदीच्या सहापटीहून जास्त साखर! मधुमेह्याने ‘हळदच तर आहे’ म्हणून हे खाऊ नये. आणि पित्त उठताना ओठ-जीभ सुजली, आवाज बसला, श्वास अडला, तर कुठलाही खंड न खाता थेट दवाखाना.

एक नावाचा घोळ. दारुहळद ही हळद नव्हे. ते एका काटेरी झुडपाचं पिवळं लाकूड, त्यात बर्बेरिन असतं, काम वेगळं. पूड सारखीच पिवळी दिसते. पुडीवर नाव लिहून घ्या.

शनिपार

कापलं की हळद दाबायची, हे बरोबर की चूक? दोन्ही बाजूंचे लोक तावातावाने भांडतात.

पट्टीबंधन

भाजी चिरताना बोटाला चीर गेली, एवढ्या जखमेपुरतं बोलू. आधी वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवा. मग स्वच्छ फडक्याने सलग पाच मिनिटं दाबून धरा, मधे मधे उचलून बघू नका, तिथेच सगळे चुकतात. रक्त थांबतं ते दाबामुळे. लोक हळद टाकून वर दाबतात आणि श्रेय हळदीला देतात.

खोल जखमेत हळद भरली की काय होतं ते बघा. पूड रक्तात कालवून घट्ट खपली होते. टाके घालायला आलेल्या माणसाची ती खपली खरवडून, सलाईनने धुऊन काढावी लागते. दुखतं, पुन्हा रक्त येतं आणि कडा कुठे आहेत ते पिवळ्या रंगामुळे दिसत नाही. शिवाय मसाल्याची पूड निर्जंतुक नसते. जमिनीतून येणारे, उन्हातान्हात न मरणारे जिवाणूंचे बीजाणू तिच्यात असतात. भाजीत ते शिजतात, जखमेत कोण शिजवणार? गंजकं, मातीत पडलेलं काही लागलं असेल तर हळद लावली-न लावली, धनुर्वाताचं इंजेक्शन पाहिजेच.

भाजल्यावर नको. नळाचं थंड पाणी वीस मिनिटं, बास. डोळ्याजवळ नको. बाळाच्या नाळेला तर काहीच नको, हळद नाही, तेल नाही, राख नाही; कोरडी ठेवायची. मधुमेह्याच्या पायाच्या जखमेला हळद लावून पंधरा दिवस वाट बघणं हा या यादीतला सगळ्यात महागडा प्रकार.

मात्राप्रमाण

पट्टीबंधन, +१.

आता ज्यासाठी मी धागा काढला ते: गोळी कुणीकुणी घेऊ नये. (जेवणातल्या हळदीबद्दल हे नाही.)

यकृत आधी, कारण ते लोकांना माहीत नसतं. अमेरिकेत औषधांमुळे होणाऱ्या यकृताच्या इजांची नोंद ठेवणारं जाळं आहे. २०२२ मध्ये त्यांनी हळदीच्या पूरकांमुळे झालेल्या दहा केसेस मांडल्या. पाच जणांना रुग्णालयात ठेवावं लागलं, एक जण दगावला. दहांपैकी सात जणांत एक ठरावीक जनुकीय खूण सापडली, एचएलए-बी*३५:०१. म्हणजे सगळ्यांना होत नाही. ज्याची ठेवण तशी आहे त्याला होतं, आणि आपली ठेवण आपल्याला माहीत नसते. इटलीतही २०१९ मध्ये अशा कावीळीच्या केसेस आल्या होत्या. त्रास सहसा गोळी सुरू केल्यापासून एक ते चार महिन्यांत दिसतो: लघवी चहासारखी, भूक मेलेली, अंगाला खाज, डोळे पिवळे. गोळी बंद केली की बहुतेक जण बरे होतात. गंमत अशी, म्हणजे गंमत नाहीच, की कावीळ झाली म्हणून काही जण हळद आणखी वाढवतात.

पित्ताशयात खडे असतील तर जपून. अवघ्या २० मिलिग्रॅम कुरकुमिनने पित्ताशय आकसतं हे सोनोग्राफीवर मोजलेलं आहे. निरोगी माणसाला ते पचनाला बरं. खडा नळीच्या तोंडाशी बसलेल्या माणसाला कळ.

रक्त पातळ करणारी औषधं, वॉर्फरिन, असेनोकुमारोल, क्लोपिडोग्रेल, चालू असतील तर नको. ऑपरेशन ठरलं असेल तर दोन आठवडे आधी बंद, आणि भूलतज्ज्ञांना सांगायचं; ‘ते काय, आयुर्वेदिकच आहे’ म्हणून लपवायचं नाही. मूत्रपिंड बदललेल्यांनी, त्यासाठी टॅक्रोलिमस (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) घेणाऱ्यांनी हातही लावू नये. गरोदरपणात जेवणातली चालते, गोळी नाही. रक्त कमी असेल तर लोहाची गोळी आणि कुरकुमिन एका वेळी नको, कुरकुमिन लोहाला धरून ठेवतं.

आणि आकडा हवा असेल तर: अन्नातला रंग म्हणून कुरकुमिनची रोजची मान्य मर्यादा वजनाच्या किलोमागे ३ मिलिग्रॅम आहे. साठ किलोच्या माणसाला १८०, म्हणजे दोन चमचे हळद. जेवणातून तिथवर आपण पोचत नाही. एक गोळी एका घोटात ओलांडून जाते.

औंधकर

मुतखडा होऊन गेलेल्यांनी हळदीचं दूध बंद करावं का? ऑक्झलेटचं काहीतरी ऐकलंय.

परीक्षानळी

ऐकलंय ते बरोबर. ऑक्झलेट हे वनस्पतींतलं द्रव्य, कॅल्शियमशी जुळून त्याचे खडे होतात. हळदीतलं ऑक्झलेट ९१ टक्के विद्राव्य असतं, म्हणजे रक्तात सहज जातं. दालचिनीतही ऑक्झलेट आहे, पण तिथे विद्राव्य फक्त ६ टक्के. त्यामुळे कॅल्शियम ऑक्झलेटचे खडे वारंवार होणाऱ्यांनी सकाळी उपाशीपोटी चमचाभर हळद कोमट पाण्यातून, हा जो प्रकार बोकाळलाय, तो करू नये. दुधातलं कॅल्शियम मात्र पोटातच ऑक्झलेटला पकडतं आणि बरंचसं बाहेर नेतं. पाव चमच्याचं दूध त्या मानाने बरं. खडा कशाचा होता तो रिपोर्ट आधी शोधा. युरिक ॲसिडचा असेल तर ही चर्चाच लागू नाही.

हरिपूरचं_पेव

मंडळी, मात्रा ठरली, पण डब्यात हळद आहे का ते कुणी बघितलं?

मार्केट यार्डात भुसार बाजारात येणारी बहुतेक हळद सेलम जातीची. राजापुरी मागून घ्यावी लागते. जाड, बुटकी बोटं, रंग चढा. भौगोलिक मानांकन वर्ध्याच्या वायगाव हळदीला २०१६ मध्ये, सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये आणि हिंगोलीच्या वसमत हळदीला २०२४ मध्ये मिळालं. कुरकुमिनसाठीच हवी असेल तर मेघालयाची लाकाडाँग, ७ टक्क्यांच्या आसपास जाते. मात्राप्रमाणांचा चमचा तिथे दुप्पट धरा.

पूड घेऊ नका, हळकुंड घ्या. एक घेऊन मोडायचं. वाळलेलं हळकुंड वाकत नाही, खट्ट आवाज करून तुटतं. तुटलेल्या जागी मेणासारखी चकाकी आणि काठापासून मध्यापर्यंत एकच नारिंगी रंग पाहिजे. मधोमध पांढुरकं, पिठूळ असेल तर शिजवताना काहील नीट लागली नाही. कडेला काळपट, आत गडद तपकिरी असेल तर जास्त शिजली. हळद काढल्यावर पाऊण-एक तास शिजवतात, फेस येऊन खास वास सुटला आणि काडी सहज आरपार गेली की झाली. पाच किलो ओल्या हळदीची एक किलो वाळलेली होते. टाचणीएवढी भोकं आणि खाली पिवळा भुसा दिसला तर भुंगा लागलाय.

आणि वरून जास्त चकचकीत, पिवळीधमक, बोटाला रंग देणारी हळकुंडं असतील तर दुसऱ्या दुकानात जा. पॉलिशच्या ड्रममध्ये घासल्यावर हळकुंड फिकट पिवळं दिसतं, लिंबासारखं नाही.

सांगलीजवळच्या हरिपूरला जमिनीत पेवं होती, मातीतली कोठारं. तोंड बंद केलं की आत हवा राहत नाही, भुंगा जगत नाही, हळद वर्षानुवर्षं राहते. २००५ च्या पुरात बरीच पेवं गेली. घरी तेच तत्त्व: घट्ट झाकणाचा स्टीलचा डबा, अंधारात, ओला चमचा नाही. पूड सहा महिन्यांपुरतीच दळा.

परीक्षानळी

भेसळीच्या घरगुती चाचण्यांबद्दल, कारण त्यांच्यावर भलताच विश्वास ठेवला जातो.

पेलाभर पाण्यात चमचाभर पूड टाकून न ढवळता ठेवा. चांगली हळद खाली बसते आणि पाणी फिकट पिवळं राहतं. पाणी गडद पिवळं झालं तर कृत्रिम रंगाचा संशय. अख्खं हळकुंड पाण्यात टाकल्याबरोबर पिवळे धागे सुटायला लागले तर वरून रंग चोपडलाय. पुडीवर व्हिनेगर टाकून बुडबुडे आले तर खडूची भुकटी. इथवर ठीक.

सोडा घालून लाल झाली म्हणजे शुद्ध, हे साफ चूक. त्याने एवढंच कळतं की तिच्यात हळद आहे. अर्धी हळद, अर्धं तांदळाचं पीठ असलं तरी लाल होणारच. मेटॅनिल यलो (भेसळीचा कृत्रिम पिवळा रंग) ओळखायला तीव्र हायड्रोक्लोरिक ॲसिड लागतं: आम्लाने गुलाबी झालेला रंग पाणी घातल्यावर गेला तर हळदीचा, टिकला तर मेटॅनिल यलोचा. हे स्वयंपाकघरात करायचं काम नाही, आणि संडास साफ करायच्या ॲसिडने तर नाहीच.

सगळ्यात वाईट भेसळ लेड क्रोमेटची, म्हणजे शिसं. ते मुलांच्या मेंदूवर जातं, शिजवून जात नाही, चवीला कळत नाही. बांगलादेशात २०१९ मध्ये बाजारातल्या ४७ टक्के नमुन्यांत ते होतं. तपासण्या, दंड आणि जाहीर मोहीम झाली आणि २०२१ पर्यंत ते प्रमाण शून्यावर आलं. म्हणजे जमतं. घाऊक घेऊन चार-पाच घरांत वाटत असाल तर वर्गणी काढून एनएबीएल मान्यतेच्या प्रयोगशाळेत एकदा शिशाची चाचणी करून घ्या.

शनिपार

अवांतर: जखमेवर हळद यावर अमेरिकेत १९९५ साली पेटंट दिलं गेलं होतं. सीएसआयआरने (केंद्राची वैज्ञानिक संशोधन परिषद) जुन्या संस्कृत ग्रंथांचे आणि छापील लेखांचे पुरावे लावून आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. तेव्हा सीएसआयआरचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर, त्याआधी आपल्या पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे, एनसीएलचे, संचालक. पट्टीबंधन यांनी पेटंट दोन ओळींत रद्द केलं असतं.

पट्टीबंधन

मी फक्त जखम धुतली असती.

औंधकर

शेवटचे दोन प्रश्न. मंडईत थंडीत ओली हळद येते, ती चांगली की वाळलेली? आणि हळकुंडं दळायची कुठे, मिक्सरचं भांडं फुटेल.

सहाण

ओल्या हळदीत पाण्याचा भाग मोठा, पाच ग्रॅम ओली म्हणजे एक ग्रॅम वाळलेली धरा. सुगंधी तेल मात्र ताजं असतं. लोणचं उत्तम: पाव किलो ओली हळद सोलून किसायची, पाऊणशे ग्रॅम आलं किसून, सहा हिरव्या मिरच्या, तीन चमचे मीठ, पाच-सहा लिंबांचा रस. रस किसाच्या वर आला पाहिजे, नाहीतर वरचा थर काळा पडून बुरशी धरतो. फोडणी पूर्ण गार करून घाला. किसण्याआधी हाताला तेल चोळा. महिनाभर टिकतं, फ्रीजमध्ये.

हरिपूरचं_पेव

मिक्सरला लावूच नका. हळकुंडं अख्खी असतानाच एक दिवस ऊन दाखवा, पूड उन्हात नाही. मग खलबत्त्यात किंवा जाड फडक्यात गुंडाळून वरवंट्याने सुपारीएवढे तुकडे करा आणि कांडपवाल्याकडे न्या. पिठाच्या गिरणीत नको, हळद त्या जात्याला जड जाते आणि पुढच्या माणसाचं पीठ पिवळं. कांडपवाल्याला विचारा, हळद कुठल्या वारी दळता. बहुतेकांचा वार ठरलेला असतो. त्याच दिवशी आधी मिरची झाली असेल तर पहिला पावशेर वेगळ्या पिशवीत धरा. तो फोडणीला वापरा, दुधाला नको.